कीर्द, खतावणी आणि आठवण: शिकलेलं हाताशी राहावं म्हणून नोंदी कशा ठेवाव्यात

धुळ्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो त्या चार वर्षांत माझी तेवीस रजिस्टरं भरली. खोली सोडताना ती गोणीत भरून अमळनेरला आणली आणि ओट्यावर ठेवली. आबांनी वरचं एक उचलून पानं चाळली. आबा जन्मभर आडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे वही हातात आली की ते आधी अक्षर बघतात आणि मग मांडणी. त्यांनी सहज विचारलं, "राज्यपालना वटहुकूम कितला दिन चालस?"

हे मी तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून तीन वेगवेगळ्या रजिस्टरांत उतरवून घेतलं होतं. तरीही मला सांगता आलं नाही. शोधायला बसलो, तेव्हा पान सापडेपर्यंत चहा निवून गेला. आबा एवढंच म्हणाले, "लिखेल शे ना, पन सापडस का?"

आज मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करतो. केळीच्या पट्ट्यात फिरतो, नवं ऐकतो, वाचतो आणि शेतकऱ्याला जागेवर उत्तर द्यावं लागतं. तिथे 'घरी जाऊन बघून सांगतो' म्हणून चालत नाही. आबांच्या त्या प्रश्नानंतर मी नोंदींची जी पद्धत बसवली ती मुळात दुकानाची आहे. सहा वर्षं ती रोज वापरतो आहे. विद्यार्थी, शिक्षक, परिचारिका, दुकानदार, शेतकरी, ज्याला म्हणून काही शिकायचं आणि लक्षात ठेवायचं आहे त्याच्यासाठी ती इथे सविस्तर लिहितो.

दोन वह्या, एक नाही

दुकानात व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत जातो. तारखेच्या क्रमाने, जसा आला तसा. संध्याकाळी त्यातली एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढते. शेतकरी येऊन हिशेब विचारतो तेव्हा दिवाणजी कीर्द उलटत बसत नाही, तो खतावणीतलं त्याचं खातं उघडतो. आमची चूक इथेच होते. आपण आयुष्यभर कीर्दच लिहितो आणि खतावणी कधी करतच नाही. वर्गात सर जे बोलले ते त्या क्रमाने, पुस्तकात जे आलं ते त्या क्रमाने. मग परीक्षेत किंवा कामात प्रश्न मात्र विषयाने येतो, आणि आपल्याकडे असतात नुसत्या तारखा.

तर पहिली खरेदी दोन वह्यांची. कीर्दीसाठी खिशात मावणारी छोटी वही. खतावणीसाठी फुलस्केप पानं आणि पंच करून लावायची फाईल. बांधीव रजिस्टर घेऊ नका, कारण खातं वाढलं की मध्ये पान घालता आलं पाहिजे. सोबत कात्री आणि घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका. त्यांची मागची कोरी बाजू कापली की जाड, टिकाऊ कार्डं मिळतात. आमच्याकडे एका लग्नसराईत वर्षभराची कार्डं जमतात.

जुन्या वह्या आत्ता उघडू नका. अनेक जण इथेच अडकतात. आधी सगळं जुनं नीट लावतो आणि मग नवं सुरू करतो असं ठरवतात, आणि आठवड्यात दमून सोडून देतात. आजच्या तारखेपासून सुरू करा. जुन्यातलं काही लागलं तर लागेल तेव्हा तेवढंच खतवा. माझ्या तेवीस रजिस्टरांतलं शेवटी कामाचं निघालं ते सुमारे साठ पानं.

कीर्द कशी लिहायची

वर तारीख आणि जागा. मग नोंद, एक-दोन ओळींत, आणि शक्यतो आपल्या शब्दांत. कुठून कळलं ते शेवटी: कोणतं पुस्तक आणि पान, कोणाचं बोलणं, कोणतं शेत. हा शेवटचा भाग आळसाने सुटतो आणि नंतर फार छळतो, कारण दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध निघाल्या तर कोणती धरायची हे सांगणारं दुसरं काहीच हाती नसतं.

समजलं नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला. अक्षर, रंग, शीर्षकं यांवर इथे वेळ घालवू नका. आणि सगळं उतरवून घेऊ नका. बोलणाऱ्याचा शब्दन् शब्द लिहीत बसलं की हात चालतो आणि डोकं थांबतं. ऐका, एक मुद्दा पूर्ण होऊ द्या, मग तो दोन ओळींत लिहा. सुरुवातीला काही निसटतं, ते निसटू द्या.

संध्याकाळची खतावणी

हा या पद्धतीचा कणा आहे. रोज वीस मिनिटं. जेवणाआधी किंवा नंतर, पण त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी आपलीच तुटक ओळ आपल्याला परकी वाटते.

कीर्दीतली एकेक नोंद वाचा आणि ठरवा की ही पुन्हा कधी लागेल का. नसेल लागणार तर तिच्यावर एक रेघ मारा. माझ्या निम्म्याहून अधिक नोंदींवर रेघ बसते. लागणार असेल तर खतावणीत तिचं खातं शोधा, नसेल तर नवं उघडा, आणि नोंद तिथे नव्याने लिहा. नव्याने म्हणजे कीर्द बाजूला झाकून. जे आठवलं नाही तेवढ्यापुरतं परत बघा. मग कीर्दीत त्या नोंदीशेजारी खातेपान क्रमांक टाका. दुकानातही हेच करतात. आकडा पडला म्हणजे नोंद पोहोचली. ज्या नोंदीपुढे रेघही नाही आणि आकडाही नाही, ती राहिली.

खात्याला नाव काय द्यायचं

यावर मी सगळ्यात जास्त चुकलो, म्हणून यावर थोडं थांबतो.

सुरुवातीला माझी खाती होती 'केळी', 'कापूस', 'राज्यघटना', 'इतिहास'. महिन्याभरात 'केळी' चाळीस पानांचं झालं आणि त्यात काहीही सापडेना. हे म्हणजे आडत दुकानात 'शेतकरी' नावाचं एकच खातं उघडण्यासारखं झालं. खातं माणसाच्या नावाचं लागतं, कारण माणूस येऊन विचारतो. आपल्या खतावणीत कोण येऊन विचारणार? प्रश्न. म्हणून खात्याचं नाव प्रश्नाचं असावं, आणि तोही आपल्याला ज्या शब्दांत खरोखर पडेल त्या शब्दांत.

'केळी' मोडून मी खाती केली: 'पानावर पिवळे पट्टे दिसले, पोंगा सडतोय, काय करायचं?', 'मृगबाग आणि कांदेबाग यांत खताचं वेळापत्रक कुठे बदलतं?' (हे केळी लागवडीचे दोन हंगाम), 'करपा की अन्नद्रव्याची कमतरता, कसं ओळखायचं?' पहिल्या खात्यात सीएमव्हीची (कुकुंबर मोझॅक व्हायरस) सगळी माहिती एका जागी आली. हा विषाणूजन्य रोग आहे, फवारून बरा होत नाही, मावा तो पसरवतो, रोगट झाड उपटून बागेबाहेर नष्ट करावं लागतं, बांधावरचं तण काढायचं, आणि बागेत किंवा शेजारी काकडीवर्गीय पिकं, टोमॅटो, मिरची लावायची नाहीत, कारण तिथेही हा विषाणू आणि मावा दोन्ही मुक्कामाला असतात. ही माहिती मला चार ठिकाणांहून तुकड्यातुकड्याने मिळाली होती. एका प्रश्नाखाली आली तेव्हा तिचा धागा दिसला: औषध रोगावर नाहीच, सगळा बंदोबस्त तो आणणाऱ्याचा आणि त्याला थारा देणाऱ्याचा. धागा दिसला की पाठ करावं लागत नाही.

अभ्यासातलंही तसंच. 'राज्यपाल' हे खातं नको. 'राज्यपाल वटहुकूम कधी काढू शकतात आणि तो कधी संपतो?' हे खातं हवं. उत्तर: अनुच्छेद 213. विधिमंडळ अधिवेशनात नसताना काढता येतो, आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो, विधिमंडळाने आधीच नामंजूर केला तर त्याही आधी. आबांचा प्रश्न 'किती दिवस' असा होता. खरं उत्तर दिवसांत नाही, मोजणी कुठून सुरू करायची त्यात आहे. हे मला खातं लिहितानाच कळलं, तीनदा उतरवूनही कळलं नव्हतं.

एक खातं एका पानाचं, फार तर दोन. वाढलं की मोडा. खतावणीच्या सुरुवातीची चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. अक्षरवारी, प्रत्येक शब्दापुढे पानांचे आकडे. 'मावा' शब्दापुढे केळीचंही पान येतं आणि कपाशीचंही. हळूहळू ही अनुक्रमणिकाच तुमच्या डोक्याचा नकाशा होते.

खाती एकमेकांना जोडा

पानाच्या तळाशी 'हेही बघा' म्हणून दोन-तीन पानांचे आकडे टाका, आणि ते का बघायचं हे चार शब्दांत लिहा. 213 च्या पानाखाली मी लिहिलंय: 'राष्ट्रपतींचा असाच अधिकार, 123, पान 18.' दोन्ही शेजारी ठेवून वाचले की एकच विषय दोनदा पाठ करण्याचे कष्ट वाचतात.

निक्लास लुहमान नावाचे जर्मन समाजशास्त्रज्ञ होते, 1927 ते 1998. त्यांनी जन्मभरात जवळपास 90,000 चिठ्ठ्या लिहून लाकडी कप्प्यांत ठेवल्या. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, आणि चिठ्ठीवर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक. बीलेफेल्ड विद्यापीठाने त्या चिठ्ठ्या जतन केल्या आहेत. डझनावारी पुस्तकं त्यांनी या कप्प्यांतून लिहिली. ताकद चिठ्ठ्यांच्या संख्येत नव्हती, जोडण्यांत होती. आपल्याला 90,000 नकोत. दोनशे खाती आणि त्यांच्यातल्या चारशे जोडण्या झाल्या तरी माणूस आपल्या विषयात बोलता होतो.

धुळ्यात असताना मी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आलो होतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून त्यांनी जुनी दप्तरं गोळा केली होती. तिथे बसलेलो असताना एक गोष्ट मनात आली ती अजून गेलेली नाही: हे कागद त्यांच्याआधीही वाड्यांत होतेच, माळ्यावर, पेटाऱ्यांत. कोणीतरी ते उघडून, वाचून, कशाचा कशाशी संबंध ते लिहीपर्यंत त्यांचा कोणाला उपयोग नव्हता.

पान कसं आखायचं

पानाच्या डाव्या बाजूला चार बोटं सोडून उभी रेघ मारा. उजवीकडे मजकूर. डावीकडे त्या मजकुरावर विचारता येतील असे छोटे प्रश्न. तळाशी चार ओळींची जागा, तिथे सगळ्या पानाचं सार दोन ओळींत. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी ही मांडणी विद्यार्थ्यांसाठी रूढ केली. तिचा फायदा एकच, पण मोठा आहे: उजवी बाजू हाताने झाकली की तुमची वही तुमची परीक्षा घेऊ लागते.

झाकून आठवणं

आता खरं काम. वरचं सगळं मनापासून केलं आणि हे सोडलं, तर तुमच्याकडे सुंदर वही असेल आणि रिकामं डोकं. माझ्या ओळखीची दोन मुलं अशीच दोनदा परीक्षेला बसली. वह्या मात्र बघत राहाव्या अशा होत्या.

हरमान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरगट पाठ करायचा आणि काही वेळाने पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजायचा. तासाभराने निम्मीसुद्धा वाचत नव्हती, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश. मात्र त्यानंतरची उतरण मंद होती. आपण शिकतो ते निरर्थक नसतं, त्यामुळे आपली घसरण इतकी तीव्र नसते. पण पहिला दिवस सगळ्यात जास्त नेतो हे आपल्यालाही लागू आहे. म्हणूनच खतावणी त्याच संध्याकाळी.

दुसरा प्रयोग अलीकडचा, 2006 चा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांचा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण फसतो. गल्लीतला चेहरा ओळखीचा असणं वेगळं आणि त्याचं नाव सांगता येणं वेगळं.

करायचं ते असं. ज्या खात्यातली गोष्ट तोंडावर हवी, तिचं कार्ड करा. पुढे प्रश्न, मागे उत्तर, कोपऱ्यात खातेपान. एका कार्डावर एकच गोष्ट. मिठाईची पाच रिकामी खोकी घ्या. नवं कार्ड पहिल्या खोक्यात. पहिलं खोकं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने, चौथं पंधरवड्याने, पाचवं महिन्याने. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने सत्तरच्या दशकात ही खोक्यांची रीत लोकांपुढे आणली. दिवसांचे आकडे माझे आहेत, तुम्ही बदलू शकता. रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर नवी कार्डं कमी करा.

तीन नियम मी कधी मोडत नाही. उत्तर मोठ्याने बोलायचं किंवा लिहायचं, मनात 'येतंय मला' म्हणून कार्ड उलटायचं नाही. आठवलं नाही तरी थोडा वेळ धडपडायचं, ती धडपड वाया जात नाही. आणि चौथ्यांदा चुकलेलं कार्ड फाडून पुन्हा लिहायचं, कारण तिथे बहुतेक वेळा आठवणीत दोष नसतो, प्रश्न वाईट लिहिलेला असतो.

आठवड्याच्या खोक्याला वार ठरवून घ्यावा लागतो, नाहीतर ते राहतं. मी आमच्या गावच्या आठवडे बाजाराचा दिवस धरलाय. त्या दिवशी ऑफिसातून येताना भाजी आणि आल्यावर तिसरं खोकं. वर्षांनुवर्षं चुकलेलं नाही, कारण बाजार कधी चुकत नाही.

महिन्याची तेरीज

महिनाअखेर एक कोरा कागद घ्या. खतावणीतली चार-पाच खाती चिठ्ठी टाकून निवडा. प्रत्येकावर जे येतं ते न बघता लिहा, आणि मग खात्याशी पडताळा. दुकानात तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजांचा ताळा. ती जुळली नाही की दिवाणजी रात्र काढतो पण फरक शोधतो. फरक दोन प्रकारचा निघतो. एक, तुम्ही विसरलात. त्याची कार्डं करा. दुसरा, तुम्हाला आता खात्यात लिहिल्यापेक्षा जास्त कळतं. मग खातं नव्याने लिहा आणि जुनं पान काढून टाका. जुनं पान काढताना मला पूर्वी जीवावर यायचं. आता येत नाही.

फोनचं काय

फोन वापरा, पण कुठे ते ठरवून. शेतात हात मातीचे असताना मी बोलून टाईप करतो, ती माझी कीर्दच असते. संध्याकाळी ती कागदावर खतते आणि फोनमधली पुसली जाते. रोगाच्या पानाचा फोटो काढला तर फोटोखाली खातेपान लिहितो, नाहीतर चार हजार फोटोंत तो बुडतो. ग्रुपवर आलेली पीडीएफ साठवून ठेवणं म्हणजे शिकणं नव्हे. वाचायची नसेल तर पुसा.

सगळंच फोनवर हवं असेल तर अँकी हे ॲप कार्डांचं काम चोख करतं, ॲन्ड्रॉइडवर फुकट आहे आणि मराठी चालतं. नोंदींसाठी कोणतंही साधं ॲप घ्या आणि पुढची दोन वर्षं बदलू नका. ॲप बदलण्यात जाणारा वेळ अभ्यासाचा असतो. कागद वापरत असाल तर खतावणीचे फोटो महिन्यातून एकदा काढून दुसरीकडे ठेवा. आमच्या पत्र्याच्या छपराने एका पावसाळ्यात माझी सोळा पानं नेली, तेव्हापासून हे करतो.

उधारी खातं

खतावणीचं शेवटचं पान 'उधारी' म्हणून राखा. जे प्रश्न पडले आणि ज्यांचं उत्तर अजून आलेलं नाही ते इथे. कीर्दीतली सगळी प्रश्नचिन्हं संध्याकाळी इथे येतात. पुढे कोणाकडून वसूल करायचं त्याचं नाव किंवा जागा लिहा: अमुक सर, तमुक पुस्तक, कृषी विज्ञान केंद्र. तो माणूस भेटला की वही आपोआप निघते. ऐकताना ज्याच्याजवळ प्रश्न तयार असतो त्याला ऐकलेलं जास्त राहतं, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात अनुभवलंय.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडेही बरीच उधारी असते. कपाशीची कवडी (डागी, खराब कापूस) कशी वेगळी काढायची, कोणत्या मालाला रुईचा उतारा चांगला पडेल हे हाताने कसं चाचपायचं, हे आबांना येतं आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. थेट 'सगळं सांगा' म्हटलं की ते गप्प होतात. एक प्रश्न घेऊन गेलं की तासभर बोलतात. मी फोनवर आवाज टिपतो आणि त्याच रात्री खतवतो, त्यांचेच अहिराणी शब्द ठेवून. आतापर्यंत त्यांची अकरा खाती झालीत. या आठवड्यात उधारीच्या पानावर त्यांच्या नावापुढे एकच ओळ आहे: 'दादर (रब्बी ज्वारी) दाताखाली फोडल्यावर ओल आहे हे आवाजावरून कळतं की कठीणपणावरून?' शनिवारी अमळनेरला जातोय.